क्लिफर्ड मॅनशार्ट

डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे विसाव्या शतकातील अमेरिकन धर्मोपदेशक, समाजकार्यकर्ते, लेखक आणि भारतातील समाजकार्य शिक्षणाचे प्रवर्तक होते. मुंबईच्या नागपाडा भागातील नेबरहूड हाऊस (१९२६) या वस्तीकेंद्राचे ते संस्थापक होते. समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क (१९३६), हिचे ते पहिले संचालक होत. हीच संस्था आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) या नावाने ओळखली जाते. त्यांच्या कारकिर्दीत १९३७ साली या संस्थेत बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. ते भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र मानले जाते. मनोविकार ओळखण्याच्या आणि त्यांच्या निदानाच्या कामात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याचे स्थान भारतात प्रथम या केंद्रामुळे निश्चित होऊ लागले.

प्रारंभिक जीवन

मॅनशार्ट यांचा जन्म १८९७ साली झाला. शिकागो विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन त्यांनी तेथूनच डॉक्टरेट मिळवली. त्या काळी शिकागो हे सामाजिक प्रयोगांचे शहर होते. जेन अ‍ॅडम्स यांचे हल हाऊस हे वस्तीकेंद्र तेथे १८८९ पासून कार्यरत होते. बालगुन्हेगारांसाठी वेगळे न्यायालय असावे हा विचार १८९९ साली तेथेच प्रत्यक्षात आला. त्या न्यायालयापुढे येणाऱ्या मुलांची मानसिक तपासणी करण्यासाठी डॉ. विल्यम हीली यांनी १९०९ साली तेथेच एक संस्था उभारली. सुशिक्षित कार्यकर्त्यांनी गरीब वस्तीत जाऊन राहावे, शेजारी म्हणून लोकांशी संबंध जोडावेत आणि त्यांच्या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करावा, ही वस्तीकेंद्र चळवळीची धारणा होती. लंडनच्या टॉयन्बी हॉलपासून (१८८४) सुरू झालेली ही चळवळ शिकागोत रुजली आणि मॅनशार्ट यांच्या पुढील कार्याची दिशाही तिनेच ठरवली.

भारतात आगमन

अमेरिकन मराठी मिशनतर्फे मॅनशार्ट १९२५ साली मुंबईस आले. मुंबईत १८१३ साली सुरू झालेले हे मिशन भारतातील सर्वांत जुने अमेरिकन मिशन होते. अहमदनगर, सोलापूर, सातारा या भागांत त्याच्या शाळा व रुग्णालये होती. मराठीतील जुने नियतकालिक ‘ज्ञानोदय’ (१८४२) याच मिशनने सुरू केले. मुंबईच्या दाट गरीब वस्तीत काम करणारे केंद्र उभारण्याचे मिशनने ठरवले आणि ती जबाबदारी मॅनशार्ट यांच्याकडे आली.

नागपाडा नेबरहूड हाऊस

भायखळ्यालगतचा नागपाडा हा त्या काळी बहुधर्मीय, बहुभाषिक व अत्यंत दाट वस्तीचा भाग होता. मुस्लिम, हिंदू, ज्यू आणि ख्रिस्ती कुटुंबे येथे चाळींतून राहत. जवळच गिरण्या होत्या, तसेच कामाठीपुऱ्याची वेश्यावस्तीही होती. एका खोलीत मोठे कुटुंब, अनिश्चित रोजगार, कर्ज, दारू आणि क्षयरोग यांनी येथील जीवन ग्रासलेले होते.

या वस्तीत १९२६ साली नेबरहूड हाऊसची स्थापना झाली. ‘नेबरहूड हाऊस’ म्हणजे शेजारघर. वाचनालय, बालवर्ग, व्यायाम व खेळ, स्त्रियांचे वर्ग, व्याख्यानमाला असे उपक्रम तेथे चालत. मॅनशार्ट स्वतः धर्मोपदेशक होते, तरी येथील सेवा धर्मांतराच्या हेतूशी जोडायची नाही, ही भूमिका त्यांनी घेतली. सर्व धर्मांच्या लोकांना एकत्र येता यावे हे या घराचे प्रयोजन राहिले. मुंबई शहराच्या प्रश्नांवर तेथे झालेल्या व्याख्यानांतून त्यांनी काही ग्रंथही संपादित केले.

वस्तीतील दहा वर्षांच्या कामातून मॅनशार्ट यांची दोन मते पक्की झाली. केवळ सदिच्छेने केलेली मदत फार काळ टिकत नाही; मदत करणाऱ्यास प्रशिक्षण हवे, हे पहिले. परदेशातून शिकून आलेल्या मोजक्या लोकांवर विसंबता येणार नाही, भारतीय परिस्थितीचा सतत अभ्यास करणारी आणि भारतीय कार्यकर्ते घडवणारी संस्था येथेच उभी राहिली पाहिजे, हे दुसरे.

समाजकार्य शिक्षणाची सुरुवात

उद्योगपती सर दोराबजी टाटा यांचे १९३२ साली निधन झाले. त्यांनी आपली संपत्ती ज्या न्यासाच्या स्वाधीन केली, त्या सर दोराबजी टाटा ट्रस्टपुढे मॅनशार्ट यांनी समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची योजना ठेवली. ट्रस्टने ती स्वीकारली आणि १९३६ साली नागपाडा येथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. डॉ. जे. एम. कुमारप्पा हे त्यांचे प्रमुख सहकारी होते.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. वर्गातील अध्ययनाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला होते. विद्यार्थ्याने संस्था, वस्ती, रुग्णालय वा बालगृह येथे अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करावे, प्रत्येक भेटीची नोंद लिहावी आणि त्या नोंदीवर चर्चा व्हावी, ही पद्धत पुढे देशातील समाजकार्य महाविद्यालयांत सर्वत्र रूढ झाली. संस्थेने १९४० साली ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे नियतकालिक सुरू केले.

बालमार्गदर्शन केंद्र

पार्श्वभूमी : त्या काळी ब्रिटिश भारतात मनोरुग्णांसंबंधीचा मुख्य कायदा १९१२ चा इंडियन लुनसी अ‍ॅक्ट हा होता. त्याचा भर रुग्णास दाखल करणे, ताब्यात ठेवणे आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था लावणे यांवर होता. ठाणे व येरवडा येथील मनोरुग्णालयांत आजार बराच बळावल्यावरच रुग्ण पोहोचत. मुलांच्या बाबतीत स्थिती वेगळी, पण तितकीच कठीण होती. चोरी करणारे, घरातून पळणारे, शाळेत मागे पडणारे किंवा हिंसक वागणारे मूल ‘वाईट’, ‘हट्टी’ किंवा ‘वेडे’ ठरे. घरी मार, शाळेतून नाव कमी होणे आणि अखेर पोलीस, असा त्याचा मार्ग असे. १९२४ च्या मुंबई बाल अधिनियमामुळे आणि १९२७ साली स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीमुळे अशा मुलांसाठी वेगळे न्यायालय व उमरखाडीचे बालगृह यांची सोय झाली. मात्र न्यायालयापुढे आलेले मूल असे का वागते, हे सांगणारी यंत्रणा अद्याप नव्हती.

स्थापना : ही उणीव भरून काढण्यासाठी १९३७ साली संस्थेत बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. के. आर. मसानी यांचे नाव या केंद्राच्या आरंभाशी निगडित आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात विकसित झालेली बालमार्गदर्शनाची पद्धत येथे स्वीकारण्यात आली. या पद्धतीत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता हे तिघे मिळून एका मुलाचा विचार करतात. केंद्र ही विद्यार्थ्यांची प्रशिक्षणशाळाही होती.

निदानाची पद्धत

वैचारिक आधार : समाजकार्यात ‘निदान’ ही संकल्पना मेरी रिचमंड (१८६१–१९२८) यांच्या ‘सोशल डायग्नोसिस’ (१९१७) या ग्रंथाने रूढ केली. व्यक्तीची अडचण समजण्यासाठी तिचे कुटुंब, शेजार, शाळा, रोजगार आणि पूर्वेतिहास यांविषयी पुरावा गोळा करावा, तो पारखून घ्यावा आणि मगच निष्कर्ष काढावा, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे. बालमार्गदर्शन केंद्रात या सामाजिक निदानाला वैद्यकीय व मानसशास्त्रीय निदानाची जोड मिळाली.

कामाची विभागणी : या पद्धतीत प्रथम समाजकार्यकर्ता पालकांची मुलाखत घेतो. गर्भारपण व जन्माची हकिकत, मूल केव्हा बसू, चालू व बोलू लागले, मोठी आजारपणे, आकडी, डोक्याला मार, झोप, भूक, अंथरूण ओले करणे, शाळेतील प्रगती, भावंडांशी व सवंगड्यांशी वागणूक यांची तो क्रमवार नोंद करतो. घरातील मृत्यू, स्थलांतर, बेकारी, व्यसन, आईवडिलांतील बेबनाव आणि कुटुंबातील पूर्वीचे मानसिक आजार यांचीही माहिती घेतली जाते. त्यानंतर गृहभेट व शाळाभेट होते. मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन व अन्य चाचण्या घेतो. मानसोपचारतज्ज्ञ मुलाची शारीरिक व मानसिक तपासणी करतो. शेवटी सर्वजण एकत्र बसून चर्चा करतात आणि निष्कर्ष व उपाययोजना ठरवतात.

एकाच लक्षणाची अनेक कारणे : या पद्धतीचे महत्त्व एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते. वर्गात लक्ष न देणारे मूल ही शिक्षकांची नेहमीची तक्रार. अशा मुलास कमी ऐकू येत असेल किंवा फळा नीट दिसत नसेल. क्षणभर भान हरपणारी अपस्माराची सौम्य आकडी त्यास येत असेल आणि ती कोणाच्या लक्षात आली नसेल. त्याची बौद्धिक क्षमता वयाच्या मानाने कमी असेल, किंवा बुद्धी उत्तम असूनही वाचनाची विशिष्ट अडचण असेल. घरात नुकताच मृत्यू झाल्याने ते खिन्न असेल. शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असेल. किंवा ते सकाळपासून उपाशीच असेल. वरवर पाहता या सर्व मुलांची वागणूक सारखी दिसते. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. बहिऱ्या मुलास मंदबुद्धी ठरवले, तर त्याचे आयुष्य वाया जाते. उपाशी मुलास मनोविकाराचे नाव दिले, तर भूक तशीच राहते आणि वर एक कलंक चिकटतो.

म्हणून वागणुकीला विकाराचे नाव देण्यापूर्वी काही प्रश्न विचारण्याची शिस्त या पद्धतीने लावली. शारीरिक कारण तपासले आहे काय? ही वागणूक केव्हापासून आहे आणि त्या सुमारास घरात काय घडले? ती घर, शाळा व खेळ या सर्व ठिकाणी दिसते की एकाच ठिकाणी? तिच्यामुळे मुलाच्या रोजच्या व्यवहारात किती अडथळा येतो? त्या वस्तीत व त्या वयात ती सर्वसामान्य मानली जाते काय? यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे तपासणीच्या खोलीत मिळत नाहीत. ती घरी व शाळेत जाऊन मिळवावी लागतात. निदानातील समाजकार्यकर्त्याचे स्थान यावरून ठरते. गृहभेटीची नोंद हा निदानाचा पुरावा असतो. तो सदोष असेल, तर पुढील तपासणी कितीही काटेकोर झाली तरी निष्कर्ष चुकण्याचा धोका राहतो.

चाचण्यांचा प्रश्न : परदेशी मुलांसाठी तयार झालेल्या बुद्धिमापन चाचण्या भारतीय मुलांना जशाच्या तशा लावता येत नव्हत्या. या दृष्टीने डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीची मराठी व कन्नड भाषांत केलेली रूपांतरे महत्त्वाची ठरली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. बिने–कामत चाचणी महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरात राहिली आहे.

विकारांच्या वर्गीकरणाची आज सर्वत्र वापरली जाणारी साधनेही तेव्हा उपलब्ध नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात मानसिक विकारांचा स्वतंत्र विभाग १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत आला. अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदानपुस्तिका (डीएसएम) १९५२ साली प्रथम निघाली. त्यामुळे केंद्राच्या आरंभीच्या काळात सविस्तर पूर्वेतिहास आणि तज्ज्ञांची एकत्रित चर्चा यांवरच निदानाची मुख्य भिस्त होती.

लेखन

मॅनशार्ट यांचे लेखन इंग्रजीत असून ते मुख्यतः मुंबई शहर, समाजसेवा आणि धर्मांमधील संबंध या विषयांवर आहे.

‘बॉम्बे टुडे अँड टुमॉरो’ (संपादित, १९३०) : मुंबईच्या नागरी प्रश्नांवरील व्याख्याने.
‘द सोशल सेटलमेंट अ‍ॅज अ‍ॅन एज्युकेशनल फॅक्टर इन इंडिया’ (१९३१) : वस्तीकेंद्राच्या शैक्षणिक कार्याची मीमांसा.
‘द हिंदू–मुस्लिम प्रॉब्लेम इन इंडिया’ (१९३६) : हिंदू–मुस्लिम संबंधांचा अभ्यास.
‘द चाइल्ड इन इंडिया’ (संपादित, १९३७) : भारतीय बालकांच्या स्थितीवरील लेखांचा संग्रह. बालमार्गदर्शन केंद्राच्या स्थापनेच्या वर्षीच तो प्रसिद्ध झाला.
‘द महात्मा अँड द मिशनरी’ (संपादित, १९४९) : महात्मा गांधींच्या निवडक लेखनाचे संकलन.
‘पायोनियरिंग ऑन सोशल फ्रंटियर्स इन इंडिया’ (१९६७) : भारतातील कार्याच्या आठवणी. नेबरहूड हाऊस व टाटा संस्थेच्या आरंभीच्या इतिहासाचे हे महत्त्वाचे साधन आहे.

संचालकपदावरून निवृत्ती व पुढील काळ

मॅनशार्ट यांनी १९४१ साली संचालकपद सोडले आणि डॉ. कुमारप्पा यांनी ते स्वीकारले. संस्थेला १९४४ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले. १९५४ साली ती देवनार येथील सध्याच्या आवारात गेली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. १९८० च्या दशकात मराठवाड्यातील तुळजापूर येथे संस्थेचे ग्रामीण केंद्र सुरू झाले. त्यामुळे नागपाड्याच्या चाळींतून सुरू झालेले हे शिक्षण दुष्काळी ग्रामीण भागापर्यंत पोहोचले.

मनोचिकित्सा समाजकार्यावरील प्रभाव

भारतातील रुग्णालयात पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमला गेला. टाटा संस्थेत १९४८ साली वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्याचा स्वतंत्र विशेष अभ्यासक्रम आला. पुढे बंगळूर येथील मानसिक आरोग्य संस्थेत (स्थापना १९५४, १९७४ पासून निम्हान्स) या शाखेचे उच्च प्रशिक्षण विकसित झाले.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोचिकित्सा समाजकार्यकर्त्याची व्याख्या दिली आहे. त्यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांची एम. फिल. पदवी आवश्यक धरली आहे. मानसिक आजार ठरवताना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यता असलेले वैद्यकीय निकष वापरावेत, असे या कायद्याचे बंधन आहे. व्यक्तीचा धर्म, आर्थिक वा सामाजिक स्थिती, तसेच समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चौकटीत न बसणारे तिचे वर्तन हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असेही कायदा सांगतो. बालमार्गदर्शन केंद्राने मुलांच्या बाबतीत जी सावधगिरी शिकवली, तिला येथे कायद्याचे बळ मिळालेले दिसते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या राष्ट्रीय कायद्यातही वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत परवानाधारक क्लिनिकल समाजकार्यकर्ता मनोविकाराचे औपचारिक निदान स्वतंत्रपणे करू शकतो. भारतात ही जबाबदारी प्रामुख्याने मानसोपचारतज्ज्ञाकडे आहे. समाजकार्यकर्ता लक्षणे ओळखतो, पूर्वेतिहास घेतो, कुटुंबाचे मूल्यमापन करतो, आत्महत्येसारखा तातडीचा धोका हेरतो, रुग्णास योग्य ठिकाणी पाठवतो आणि उपचारानंतर त्याच्या पुनर्वसनाचा पाठपुरावा करतो. ग्रामीण भागात मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटण्याची शक्यता असते. अशा ठिकाणी आजार वेळीच ओळखला जाणे हे शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि समाजकार्यकर्ता यांच्या नजरेवर अवलंबून राहते.

टीका व मूल्यमापन

मॅनशार्ट यांनी घातलेल्या पायावर दोन प्रमुख आक्षेप घेतले जातात. भारतीय समाजकार्य शिक्षणाने अमेरिकन व्यक्तिसहाय्य पद्धत फार लवकर आणि पुरेशी पारख न करता स्वीकारली, हा पहिला आक्षेप आहे. जेथे दारिद्र्य, जातिभेद आणि बेकारी ही दुःखाची मूळ कारणे आहेत, तेथे एकेका व्यक्तीचे निदान करत बसल्याने अन्यायाचे स्वरूप झाकले जाते, असे या टीकाकारांचे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप असा की, तज्ज्ञांचे पथक ही मोठ्या शहरातच परवडणारी व्यवस्था असून खेड्यापाड्यांत तिचा उपयोग मर्यादित राहिला.

या आक्षेपांत तथ्य आहे. त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावे लागते की सामाजिक निदानाच्या पद्धतीत घर, रोजगार व शेजार यांची चौकशी हा गाभ्याचाच भाग होता. ती चौकशी नीट झाली, तर मुलाच्या वागण्यामागील उपासमार किंवा भेदभाव नजरेआड होत नाही, उलट तो नोंदीत येतो. पद्धत घाईने उरकली गेली आणि गृहभेट वगळून केवळ लक्षणांची यादी भरली गेली, तेव्हा ही उणीव अधिक जाणवते. मॅनशार्ट यांनी क्षेत्रकार्याला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले होते, ही बाब या वादात महत्त्वाची ठरते.

मॅनशार्ट हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते आणि त्यांनी स्वतः कोणताही मनोविकार शोधून काढला नाही. दंड देण्यापूर्वी आणि आजाराचे नाव देण्यापूर्वी मुलाचे घर पाहून यावे, हा नियम ज्या संस्थेमुळे भारतातील शिक्षणात व रुग्णसेवेत रुजला, ती संस्था त्यांनी उभी केली. भारतातील समाजकार्याच्या इतिहासात त्यांचे स्थान प्रामुख्याने या कार्यामुळे आहे.